आमची सून पिच्चर काढते!

किस्से जमवायला मी कुठे जात नाही. ते आपल्या पायांनी येतात, चपला बाहेर काढतात, ओसरीतल्या खाटेवर बसतात आणि विचारतात, "काय वं सूनबाई, तो पिच्चर काहून गायब झाला?"

माझं माहेर वाशीमचं, सासर केनवडचं आणि नोकरी पुण्यातल्या एका कंपनीची. घरूनच करते. लोक मोबाईलवर, टीव्हीवर पैसे भरून पिक्चर आणि सिरियल बघतात ना, तसल्याच एका ॲपचं काम आमच्या कंपनीकडे आहे. तिथं नवीन पिक्चर चढवणारी टीम वेगळी. त्यांचं कौतुक होतं, त्यांच्या पार्ट्या होतात. मी दुसऱ्या टीममध्ये. ज्याची मुदत संपली तो पिक्चर ॲपवरून उतरवायचा, हे माझं काम. सकाळी लॅपटॉप उघडायचा, आज कोणाकोणाला निरोप द्यायचाय ते बघायचं आणि बटण दाबायचं.

हेच काम मी पुण्यात बसून केलं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण मी राहते अशा गल्लीत, जिथं माझ्या कुकरच्या शिट्ट्या माझ्याआधी शेजारी मोजतात! मग काय, एवढं साठलंय की आता घरात मावत नाही.

* * *

पहिला घोळ मराठी भाषेनं केला.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणीतरी माझ्या सासूबाईंना विचारलं, "सून दिवसभर त्या लॅपटॉपवर करते तरी काय?" सासूबाईंना मी आई म्हणते. आईंनी अभिमानानं सांगून टाकलं, "आमची सून पिच्चर काढते!"

दुसऱ्या दिवशी समोरच्या कांताकाकू दारात. सोबत त्यांचा तिशीतला भाचा. डोळ्यांवर गॉगल, केसांना जेल आणि काखेत लग्नाचा अल्बम.

काकू म्हणाल्या, "याले घे तुह्या पिच्चरमंधी. हीरो नसन जमत तं हीरोचा भाऊ कर. मारामारी बी करते, रडते बी चांगला."

मी म्हटलं, "काकू, काढते म्हणजे बनवत नाही हो. जे आहेत ते काढून टाकते."

भाच्यानं गॉगल उतरवला.

"म्हंजे लोकं एवढ्या मेहनतीनं बनवतेत," काकू म्हणाल्या, "अन् तू घरी बसून मिटवून टाकतं?"

"मुदत संपली की टाकते."

"अन् याचा तुले पगार भेटते?"

"भेटतो."

काकूंनी अल्बम उचलला. "चाल रे घरी. हे तं बनवणारी नाही, मोडणारी निंगाली!"

त्या पायऱ्या उतरल्या. भाचा मात्र दारात घुटमळला, मागं वळला आणि हळूच म्हणाला, "ताई, मोडायच्या कामात भरती हाय का?"

* * *

आमच्या गल्लीच्या टोकाला गुरुजी राहतात. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण शिस्त काही निवृत्त झालेली नाही. पिक्चरसुद्धा ते तासिकेप्रमाणे बघतात. रोज पाऊण तास, मग बंद. उरलेला उद्या.

एकदा त्यांचा अर्धा पिक्चर बघून झाला आणि उरलेल्या अर्ध्याच्या दिवशी ॲपवर पिक्चरच नाही! गुरुजी भांडायला आले नाहीत. अर्ज घेऊन आले. फुलस्केप कागद, डावीकडे समास सोडलेला, हस्ताक्षर मोत्यांसारखं. "विषय: अर्धवट राहिलेला चित्रपट परत मिळणेबाबत."

मी त्यांना मोबाईलवर दाखवलं, "गुरुजी, काढायच्या आधी आठवडाभर पिक्चरच्या खाली सूचना होती. 'लवकरच जात आहे', अशी."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल नाकाजवळ नेला. "एवढं बारीक? परीक्षेचं वेळापत्रक मी असं लावलं असतं तं पालकांनी मले शाळेतच कोंडलं असतं. ते राहू द्या. अर्जाची पोचपावती द्या."

"गुरुजी, मी कंपनीचा अर्ज कसा घेणार?"

"दुसऱ्या प्रतीवर सही अन् शिक्का. बस."

शिक्का कुठून आणू? शेवटी माझ्या नवऱ्याच्या दुकानाचा उठवून दिला. 'बी-बियाणे व खते विक्रेते'. गुरुजींनी तो नीट वाचला, घडी घातली आणि समाधानानं गेले.

त्यानंतर दर महिन्याला स्मरणपत्र. "संदर्भ: आमचा मागील अर्ज." मीही दर महिन्याला खतांचा शिक्का.

सात-आठ महिन्यांनी कंपनीनं त्या पिक्चरच्या मालकाशी नवीन करार केला आणि पिक्चर आपोआप परत आला. आता गुरुजी गावात कोणाचंही सरकारी काम अडलं की सांगतात, "अर्ज नीट लिहा. मी पुण्यावरून पिच्चर वापस आनला!"

* * *

पिक्चर का जातो, हे समजावून सांगता सांगता माझं तोंड दुखायचं. लायसन्स, राइट्स, करार, किती शब्द वापरले! समोरचा मान हलवायचा आणि शेवटी विचारायचा, "ते सगळं ठीक हाय, पन काहून काढला?"

एका दुपारी आई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी कांताकाकूंसमोर पुन्हा तेच पुराण लावलं होतं. आईंनी मला हातानंच थांबवलं.

"कांते, हे पाय. पिच्चर त्या ॲपवाल्याच्या मालकीचा नसते. त्यानं मक्त्यानं घेतेल असते. आपुन दुसऱ्याचं वावर मक्त्यानं नाही का करत दोन-तीन सालासाठी? तसं. मुदत सरली का वावर मालकाले वापस. मालक मंग त्यालेच दीन, नाहीतं दुसऱ्याले दीन. पिकत नसन तं मक्तेवालाच म्हनन, मले नाही पाह्यजे."

आमच्या मॅनेजरनं दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं ते आईंनी एका ओंजळभर शेंगांत सांगितलं!

काकूंनाही पटलं. त्यांनीही दोन शेंगा सोलल्या. मग एकदम म्हणाल्या, "मालकाले वापस, ठीक हाय. पन मी अर्धा पाहेल होता. उभं पीक सोडून कोन जाते वं?"

याचं उत्तर मॅनेजरकडेही नाही. मी विचारून बघितलं.

* * *

बस स्टँडजवळ रहीमचाचांचं टेलरिंगचं दुकान. मशीनवर मोबाईल टेकवून ते काम करता करता जुने पिक्चर लावतात. त्यात एक त्यांचा फार लाडका. लग्नानंतर चाचींना घेऊन वाशीमच्या टॉकीजला पाहिलेला पहिला पिक्चर. मध्यंतरी तो ॲपवरून गेला, वर्षभरानं परत आला. पण परत आला तो बिचारा अर्धमेला. त्यातलं मुख्य गाणंच गायब! हीरो बागेत ओठ हलवतोय, हिरोईन लाजतेय आणि मागं भलतीच सतार वाजतेय.

मी ब्लाऊज टाकायला गेले तर चाचांनी टेप गळ्यातच ठेवून विचारलं, "बेटी, हीरो मुका झाला काय?"

मी सांगितलं, "चाचा, पिक्चरचा मालक वेगळा असतो, गाण्याचा वेगळा. या वेळच्या करारात गाणं बसलं नाही. म्हणून ते काढून दुसरं संगीत घातलं."

"अच्छा! म्हंजे शर्ट एकाचा अन् बटनं दुसऱ्याची!"

मग मशीनवरचा मोबाईल सरळ करत म्हणाले, "हरकत नाही. गाण्याचा हक त्याचा, गळा तं माह्या बापाचा हाय ना?"

तेव्हापासून तो सीन आला की रहीमचाचा स्वतः गातात. पूर्ण गाणं, दोन्ही कडव्यांसकट. मशीन बंद, कात्री खाली, डोळे मिटलेले. गिऱ्हाईक अर्ध्या मापाचं हात वर करून तसंच उभं! एकजण मला म्हणाला, "ताई, कंबर मोजली अन् कडवं सुरू झालं. छाती मोजाले दहा मिन्टं लागले."

महिन्याभरानं मी ब्लाऊज आणायला गेले तर दुकानाच्या पडद्यामागून चाची बाहेर आल्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "बेटी, त्या गाण्याच्या मालकाचा पत्ता दे. त्याचे पाय पकडाले मी जातो."

* * *

हा घरचाच आहे.

माझा नवरा, प्रशांत, गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. त्याला एका खुनाच्या सिरियलचं वेड लागलं. रोज जेवताना एक भाग. एकूण चाळीस. तो नवव्या भागावर होता तेव्हा माझ्या यादीत नाव आलं. तीन आठवड्यांनी सिरियल जाणार!

आता आमच्या कामात एक नियम आहे. ॲपवर सूचना लागेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. घरच्यांनाही नाही. तशी सही दिलीय मी. आणि सूचना लागली तरी ती वाचणार कोण? मग मी दुसरी युक्ती केली. संध्याकाळी दुकान बंद करून आला की म्हणायचं, "अहो, आज दोन भाग बघू या ना."

पहिल्या दिवशी त्याला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी तो भेळ घेऊन आला. चौथ्या दिवशी दुकान अर्धा तास लवकर बंद! एकदा तर रिसोडहून गजरा आणला. गजरा! लग्नानंतर पहिल्यांदा! मी डोक्यात माळला आणि म्हटलं, "लावा लवकर, सतरावा भाग."

पण पेरणीचे दिवस आले. दुकानात बियाण्याला गर्दी, त्याला दम खायला वेळ नाही. शेवटचे दोन भाग राहिले ते राहिलेच. शनिवारी सकाळी मी माझ्या हातानं बटण दाबलं. दुपारी तो जेवायला बसला, मोबाईल उघडला, वर-खाली केला, बंद करून पुन्हा उघडला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

मी भाकरी वाढली.

"कवापासून?"

"तीन आठवडे."

त्याचा घास हातातच राहिला. एकेक संध्याकाळ त्याच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसत होती. भेळ, गजरा, सगळं.

"म्हंजे थे प्रेम नव्हतं," तो म्हणाला, "डेडलाईन होती!"

खुनी कोण हे त्याला अजून माहीत नाही. मला माहीत आहे, कामासाठी सगळा सारांश वाचावा लागतो. सांगायला गेले तर कानांवर हात ठेवतो, म्हणतो कधीतरी परत लागेल, तेव्हाच बघीन. त्यामुळे भाजीत मीठ कमी झालं आणि त्याची भुवई वर गेली की मी एवढंच विचारते, "सांगू का कोण ते?"

मुकाट्यानं जेवतो.

* * *

उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्यामुळे नळावर कोणाचा ड्रम कोणाच्या पुढं, हा मोठा प्रश्न. कांताकाकूंचा ड्रम नेहमी रांगेत आपोआप पुढं सरकतो. एका सकाळी आईंचा संयम संपला.

"कांते, ड्रम मांगं घे. नाहीतं सुनेले सांगून तुही दुपारची शिरेल काढाले लावीन!"

"लाव ना! मी काय भेतो का तुले?"

झालं, तेवढ्यावर थांबलं. आणि सोमवारी मी यादी उघडते तर काय, काकूंची दुपारची सिरियल! दुसऱ्या एका ॲपनं जास्त बोली लावून ती आपल्याकडे नेली होती. माझा काडीचा संबंध नव्हता. पण सांगू कोणाला? बटण दाबलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी कांताकाकूंचा ड्रम रांगेत सगळ्यात शेवटी. वर आईंची पहिली घागर त्यांनी स्वतः भरून दिली. बाकीच्या बायकाही जरा अंतर राखूनच उभ्या.

मला फार अपराधी वाटलं. घरी आल्यावर आईंना म्हटलं, "आई, तो योगायोग होता हो. काकूंना खरं काय ते सांगून टाका."

"सांगीन ना," आई घागरीवर झाकण ठेवत म्हणाल्या. "उन्हाळा जाऊ दे."

* * *

आता महादूमामांचं.

मामा म्हणजे आईंचे धाकटे भाऊ. राहणार किन्हीराजा. शेती करतात, मोजकं बोलतात, चेहरा कायम तहसीलच्या रांगेत उभं असल्यासारखा. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गावात एका छोट्या मराठी पिक्चरचं दोन दिवस शूटिंग झालं. तो पिक्चर थिएटरात कधी आला आणि कधी गेला कळलं नाही, नंतर आमच्या ॲपवर येऊन पडला. त्यात बाजाराच्या दिवसाचा एक सीन आहे. हीरो रुसून बाजारातून चाललाय आणि त्याच्या मागं हॉटेलच्या बाकावर आमचे महादूमामा जिलेबी खात बसलेत. सगळे मिळून आठ सेकंद.

मामांना साखर आहे. आणि त्या दिवशी ते मामींना सांगून गेले होते, "वावरात चाललो."

मामींच्या मोबाईलवर लेकीनं हे ॲप टाकून दिलं आणि मामा सापडले! तेव्हापासून मामा म्हणाले, "मी गोड खाल्लं नाही," की मामी काही बोलत नाहीत. फक्त मोबाईल त्यांच्या ताटाजवळ ठेवतात.

एक दिवस मामा एसटीनं केनवडला आले. बिनसाखरेचा चहा मागितला, आईंना ऐकू जाईल असा मोठ्यानं. आई आत गेल्यावर खाट माझ्याकडे सरकवली.

"पोरी, एक काम हाय. थो पिच्चर काढून टाक."

"मामा, असा कोणाच्या सांगण्यावरून नाही निघत पिक्चर."

"माह्या इज्जतीचा सवाल हाय वं. आठ सेकंद खाल्ली जिलेबी, तीन साल झाले, अजून जिरली नाही!"

हसू दाबत मी त्यांच्यासमोरच यादी बघितली. आणि गंमत म्हणजे तो पिक्चर त्यात होता. महिनाअखेरीला जाणार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'प्रेक्षक नाहीत'. सांगायची सोय नव्हती. मी म्हटलं, "बघते." तेवढंच चुकलं माझं.

महिना संपला, पिक्चर गेला. तिसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरसोबत हिरव्या हरभऱ्याचं भलंमोठं गाठोडं आलं. मामांकडून!

आणि पाचव्या दिवशी मामी आल्या. एकट्या. याआधी त्या कधीच एकट्या आल्या नव्हत्या. मी मनातल्या मनात बोलणी खायची तयारी केली.

त्या खाटेवर बसल्या, पाणी प्यायल्या. "थो पिच्चर गेला वं."

"हो मामी. मुदत संपली. आणि पाहणारं कोणी नव्हतं म्हणून पुन्हा नाही घेतला."

"मी पाहत होती ना."

"तुम्ही?"

"रोज. दुपारी काम आटोपलं का."

मी हसून म्हटलं, "मामांची चोरी बघायला?"

"जिलेबीचं काय घेऊन बसली," मामी म्हणाल्या. "पयल्या दिवशी आला राग. भांडून घेतलं. मंग दुसऱ्यांदा लावला तं ध्यानात आलं, थे हासून राह्यले होते. बाजूच्या मानसासंग काहीतरी बोलून, पार डोकं मांगं टाकून. लग्नाले तीस सालं झाले, असं हासताना मी त्याइले घरात कवा पाह्यलं नाही. जिलेबी तोंडात असते तवा नाही, थे खाऊन झाल्यावर. शेवटचे दोन-तीन सेकंद. तेवढंच पाहाले लावत होती."

मी चहा ठेवला. मामींनी तो सावकाश घेतला, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि चारच्या गाडीला निघाल्या. पायरीवर थांबून म्हणाल्या, "त्याइले सांगजो नको."

संध्याकाळी मामांचा फोन. मामा स्वतःहून फोन करत नाहीत, पण त्या दिवशी आवाजात खुशी होती. "पोरी, हरभरा पोचला ना? तू तं कमालच केली! पाच दिवस झाले, घरात कसं शांत हाय!"

मामींनी सांगू नको म्हटलं होतं. मी सांगितलं. दुपारी त्या जे बोलल्या ते सगळं, जसंच्या तसं.

पलीकडे अंगणात मामी कोंबड्यांना हाकलत होत्या, ते ऐकू येत होतं. मामांनी घसा खाकरला.

"पोरी," ते अगदी हळू म्हणाले, "थो पिच्चर वापस लावता येते काय वं?"